अँटिबायोटिक घेतली की गर्भनिरोधक गोळी फुकट? केमिस्टचं किती ऐकायचं?

परळची_पोरगी:
गेल्या आठवड्यात हिंदमाताला गुडघाभर पाण्यातून घरी आले. लेप्टोची (साचलेल्या पाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसची) भीती, म्हणून पालिकेच्या दवाखान्यातून डॉक्सीसायक्लिन ही अँटिबायोटिक घेतली. मग नेहमीची गर्भनिरोधक गोळी, माला-डी, आणायला गेले, तर केमिस्टने चार गिऱ्हाइकांसमोर सुनावलं, "अँटिबायोटिकवर ही चालत नाही हां." हे सरसकट घाबरवणं बंद व्हायला हवं.

सावध_बरी:
मी केमिस्टच्या बाजूने. आतड्यातल्या जंतूंमुळे गोळीतलं इस्ट्रोजेन हार्मोन पुन्हा रक्तात शोषलं जातं, अँटिबायोटिक तेच जंतू मारते. महिनाभर निरोध वापरला तर काय बिघडलं? माझ्या नणंदेला दाढेच्या अँटिबायोटिकनंतर दिवस गेले.

बीफार्म_डोंबिवली:
तर्क छान आहे, पण माणसांवर तपासलं तेव्हा अमॉक्सिसिलिन, डॉक्सीने हार्मोन तसे घटलेले दिसले नाहीत. ब्रिटनमध्ये आधी जादा खबरदारी सांगायचे, 2011 साली ती सूचना काढून टाकली. नणंदेला जुलाब-उलट्या होत्या का, ते विचारा, त्यात गोळी नीट शोषली जात नाही. गोळीनंतर तीन तासांत उलटी झाली तर लगेच दुसरी घ्यायची असते, हे कोण सांगतं?
खरी भानगड रिफाम्पिसिनची. टीबीची, लघवी लालसर करणारी. ती यकृतातली विकरं (एन्झाइम) चेतवते आणि हार्मोनचा फडशा पडतो. कोर्स निदान सहा महिन्यांचा, संपल्यावरही साधारण चार आठवडे परिणाम राहतो. पण ती सरकारी केंद्रातून फुकट मिळते, त्यामुळे कोपऱ्यावरच्या केमिस्टसमोर ती चिठ्ठी अनेकदा येतच नाही. डॉक्सीवर आरडाओरडा, रिफाम्पिसिनवर शांतता!

शिवडीकर_ताई:
मी घेतलीय ती औषधं. गोळी घेते हे घरात सासूबाईंनाही माहीत नव्हतं, तिथे रांगेत कोण बोलणार? मला कोणी विचारलंही नाही. मैत्रिणीने सांगितलं म्हणून तांबी बसवून घेतली. तांबीत हार्मोनच नाहीत, तिला हा त्रास नाही.

सावध_बरी:
रिफाम्पिसिनचं मान्य. नणंदेला तेव्हा जुलाब झाले होते, आठवलं आत्ता. तरी डॉक्सीवर मी निरोधच सांगेन, भीती वाटते ती वाटतेच.

परळची_पोरगी:
वापरा की, कोण अडवतंय! पण त्या केमिस्टच्या बोलण्याने घाबरून माझ्या शेजारणीने पाकीटच अर्ध्यात सोडलं. त्याचं काय?