शब्दचर्चा : 'अलिप्त', 'दुर्गम' आणि 'स्वयंनिर्णय', कोणता शब्द कुठे?

शहापूर पेठ
9 ऑगस्टच्या जागतिक आदिवासी दिनासाठी बेळगावातल्या एका वाचनालयाची चार पानी पुस्तिका मराठीत होतेय. त्यात अंदमानातले सेंटिनली आणि जारवा, ग्रेट निकोबारमधले शोंपेन आणि त्यांच्याबाबतचं सरकारी धोरण येतं. शेवटच्या पानावर खानापूर तालुक्यातले सिद्दी आणि गवळी धनगर. मूळ मजकूर काही इंग्रजी, काही कन्नड. अडलंय दोन ठिकाणी. बाहेरच्या जगाशी संबंध न ठेवणाऱ्या लोकांना कोणतं विशेषण लावायचं? 'एकाकी', 'विलग', 'संपर्कहीन', 'अलिप्त' हे चार समोर आहेत. आणि 'स्वयंनिर्णय' लिहायचं की 'स्वायत्तता'? आपल्या सीमाभागात 'स्वयंनिर्णय' वाचला की लोकांच्या मनात आधी सीमाप्रश्न येतो, म्हणून मुद्दाम विचारतोय.

हलशीची वाट
'एकाकी' आधी काढून टाका. ज्याला कोणी नाही तो एकाकी. सेंटिनली लोकांना त्यांची माणसं आहेत, त्यांचं बेट आहे. 'विलग' हा शब्द कोरोनाच्या विलगीकरणानंतर आजाराला चिकटून बसलाय, शिवाय विलग दुसरं कोणीतरी करतं. 'संपर्कहीन' मध्ये तर 'भूमिहीन' सारखी उणीव दिसते. वाचणाऱ्याला वाटणार, संपर्क करून दिला की यांचं भलं होईल. धोरणाची सगळी दिशाच उलटी वाचली जाईल.

'अलिप्त' घ्या. अलिप्त माणूस आपणहून राहतो, आणि इतिहासाशी तेच जुळतं. 1880 मध्ये ब्रिटिश अधिकारी पोर्टमन याने उत्तर सेंटिनल बेटावरून एक वृद्ध जोडपं आणि चार मुलं उचलून पोर्ट ब्लेअरला नेली. जोडपं आजारी पडून मेलं, मुलांना भेटवस्तू देऊन परत सोडलं. ती मुलं सोबत कोणते रोग घेऊन गेली असतील, याचा विचार कोणी केला नाही. 1967 पासून सरकारी पथकं नारळ घेऊन किनाऱ्याजवळ जायची. 1991 मध्ये सेंटिनलींनी पहिल्यांदा हातातून नारळ घेतले, पण वस्तीकडे कोणाला येऊ दिलं नाही. 1990 च्या दशकातच या मोहिमा थांबल्या. 2004 च्या त्सुनामीनंतर पाहणीला आलेल्या हेलिकॉप्टरवर त्यांनी धनुष्य रोखलं. म्हणजे बाहेरचं जग त्यांना ठाऊक आहे, आणि ते नको हा त्यांचा निर्णय आहे. म्हणून 'जगापासून अनभिज्ञ' हे विशेषणही कुठे असेल तर खोडा.

निपाणीकर
'अलिप्त' ला माझी एक हरकत आहे. मराठीत तो 'तटस्थ' च्या फार जवळ गेलाय, अलिप्त राष्ट्रांमुळे. नुसता 'अलिप्त समाज' म्हटलं तर 'कशापासून अलिप्त?' असं नवखा वाचक विचारणारच. पहिल्यांदा येईल तिथं 'स्वेच्छेने अलिप्त राहणारे' असं पूर्ण लिहा, पुढे 'अलिप्त' पुरे. पेरूच्या 2006 च्या कायद्यात अशा लोकांसाठी 'अलिप्ततेच्या स्थितीतले' आणि 'सुरुवातीच्या संपर्काच्या स्थितीतले' अशा दोन पायऱ्या केल्यात. ही विभागणी आपल्यालाही कामाची आहे. सेंटिनली पहिल्या पायरीवर, जारवा दुसऱ्या. दोघांना एकाच वाक्यात 'अलिप्त' म्हणू नका. 1990 च्या दशकाच्या अखेरीपासून जारवा स्वतःहून रस्त्यावर आणि वस्त्यांजवळ येऊ लागले, आणि 1999 मध्ये त्यांच्यात गोवराची साथ पसरली. त्यांच्या राखीव जंगलातून जाणारा अंदमान ट्रंक रोड तिथं बंद करा, असं सर्वोच्च न्यायालयाने 2002 मध्ये सांगितलं. तरी त्यावरून वाहनं जात राहिली.

हलशीची वाट
बरोबर, दोन पायऱ्या ठेवाव्यात. आणि 'जारवा' हे त्यांचं स्वतःचं नाव नव्हे. ते शेजारच्या अका-बेआ भाषेतलं, अर्थ 'परके'. ते स्वतःला 'अंग' म्हणतात. पुस्तिकेत एकदा तरी हे येऊ द्या.

खानापूर घाट
शेवटच्या पानाबद्दल कळकळीने सांगतो. तिथं 'अलिप्त' हा शब्द चुकूनही नको. भीमगड अभयारण्यातल्या गवळी, आमगाव, तळेवाडी, कृष्णापूर, पास्टोली, कोंगळा या वाड्या 'दुर्गम' आहेत. अलिप्त राहणं हा तिथल्या लोकांचा निर्णय नाही. त्यांना रस्ता हवाय, ओढ्यावर साकव हवाय, वीज हवीय, शाळेत मास्तर हवाय. पावसाळ्यात आजारी माणसाला खाटेची डोली करून चिखलातून काही किलोमीटर चालत आणावं लागतं. अशा गावाला 'अलिप्त' म्हटलं की साकव न बांधणाऱ्याची जबाबदारी अलगद गावावर ढकलली जाते. उलट सेंटिनली बेटाला 'दुर्गम' म्हटलं की उद्या तिथं जेटी बांधायचा प्रस्ताव विकासाचं काम वाटेल.

तेव्हा कसोटी एकच लावा. येणं-जाणं कोणी थांबवलंय? लोकांनी थांबवलं असेल तर अलिप्त. सोयीअभावी थांबलं असेल तर दुर्गम. सिद्दी आणि गवळी धनगर बाजाराला येतात, मतदान करतात, मराठी-कोकणी-कन्नड तिन्ही बोलतात. त्यांचा प्रश्न जमिनीच्या आणि जंगलाच्या हक्काचा आहे.

शहापूर पेठ
हे पटलं. मजकुरात एके ठिकाणी सिद्दींना 'विशेष असुरक्षित आदिवासी गट' म्हटलंय. ते ठेवू?

कायदा-कचेरी
काढा. त्या यादीत देशभरात 75 गट आहेत, आणि कर्नाटकातले दोनच, जेनु कुरुब आणि कोरग. महाराष्ट्रातले तीन, कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड. गुजरातच्या यादीत सिद्दी आहेत, तिथूनच हा घोळ होतो. कर्नाटकात सिद्दी अनुसूचित जमातीत आहेत, पण तेही जिल्ह्यानुसार. 2003 मध्ये फक्त उत्तर कन्नड जिल्ह्यापुरते घेतले. बेळगाव आणि धारवाड 2020 च्या दुरुस्तीने आले. मधली 17 वर्षं उत्तर कन्नडमधल्या हल्याळचा सिद्दी अनुसूचित जमातीचा आणि खानापूरचा त्याचाच नातलग नाही, अशी स्थिती होती. जुना मजकूर वापरताना हे वर्ष बघा.

'आदिम' की 'असुरक्षित' हाही वाद निघेल. 2006 पर्यंत सरकारी शब्द 'आदिम' होता, नंतर बदलला, कारण त्यात मागासपणाचा शिक्का होता. पण 2006 च्याच वनहक्क कायद्याच्या मूळ मजकुरात जुना शब्द राहिलाय, 2012 च्या दुरुस्त नियमांत नवा आहे. कलम उद्धृत करत असाल तर 'आदिम जमाती' तसंच ठेवा, स्वतःच्या वाक्यात वापरू नका.

निपाणीकर
कन्नड मजकुरावरून भाषांतर करताना सर्वांत जास्त चुकतं ते सांगतो. कन्नडमध्ये 'परिशिष्ट पंगड' म्हणजे अनुसूचित जमाती. मराठीत 'परिशिष्ट' म्हणजे पुस्तकाच्या शेवटी जोडलेली पुरवणी. बेळगावात कितीतरी मराठी पत्रकांत 'परिशिष्ट जाती-पंगड' असं जसंच्या तसं उतरलेलं दिसतं, आणि चंदगड-आजऱ्याच्या वाचकाला काही कळत नाही. 'बुडकट्टु' म्हणजे आदिवासी जमात. 'अरण्य हक्कु' चा 'वनहक्क' करा, 'अरण्य हक्क' नको, कारण कायद्याचं मराठीत रुळलेलं नाव तेच आहे. 'पहाणी' (जमिनीचा उतारा) मात्र सीमाभागात सगळ्यांना कळते. पुस्तिका इथंच वाटणार असाल तर 'सातबारा' करायची गरज नाही.

शहापूर पेठ
आता 'स्वयंनिर्णय'?

कायदा-कचेरी
इथं थोडं सविस्तर लिहितो, कारण तीन वेगळ्या गोष्टी एका शब्दात कोंबल्या जातात.

संयुक्त राष्ट्रांचा मूलनिवासी लोकांच्या हक्कांचा जाहीरनामा 13 सप्टेंबर 2007 ला मंजूर झाला, 144 विरुद्ध 4 मतांनी, 11 देश तटस्थ. भारताने बाजूने मत दिलं. त्याच्या कलम 3 मध्ये 'स्वयंनिर्णय' आहे. कलम 4 त्याचा व्यवहारातला अर्थ सांगतं, आपल्या अंतर्गत बाबींत स्वायत्तता. आणि कलम 46 म्हणतं, यातून कोणत्याही देशाचे तुकडे करायला मुभा मिळत नाही. ही तीन कलमं एकत्र वाचली तर 'स्वयंनिर्णय म्हणजे फुटून निघणं' ही भीती राहत नाही.

भारताची अधिकृत भूमिका याहून आखडती आहे. नागरी व राजकीय हक्कांच्या आंतरराष्ट्रीय करारात 1979 मध्ये सामील होताना भारताने लेखी नोंदवलं की स्वयंनिर्णयाचा हक्क परकीय सत्तेखालच्या लोकांनाच लागू, सार्वभौम देशातल्या एखाद्या गटाला नाही. 'मूलनिवासी' बाबतही सरकार म्हणतं, सगळे भारतीय मूलनिवासीच. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा 1957 चा 107 क्रमांकाचा करार भारताने स्वीकारलाय, पण 1989 चा 169 क्रमांकाचा नाही. जुन्या करारात आदिवासींना हळूहळू इतर समाजात मिसळवून घ्यायचं ही दिशा होती. नव्या कराराने ती सोडली, आणि 'लोकसंख्या' ऐवजी 'लोकसमूह' हा शब्द घेतला. म्हणून 'भारत सरकारने आदिवासींचा स्वयंनिर्णय मान्य केला' असं वाक्य लिहू नका. 'जाहीरनाम्याला पाठिंबा दिला' एवढंच लिहा.

प्रत्यक्ष धोरणात येतो तो 'स्वायत्तता' आणि 'हस्तक्षेप नको'. 1956 च्या अंदमान-निकोबार आदिम जमाती संरक्षण नियमावलीने राखीव क्षेत्रात बाहेरच्यांना बंदी घातली. उत्तर सेंटिनलभोवती 5 सागरी मैलांचा पट्टाही बंद आहे. दुरून लक्ष ठेवायचं, किनाऱ्यावर पाय ठेवायचा नाही. जारवांसाठीचं 2004 चं धोरण म्हणतं की त्यांना त्यांच्या इच्छेविरुद्ध मुख्य प्रवाहात आणायचा प्रयत्न करू नये. तेव्हा सरकार काय करतं ते सांगताना 'स्वायत्तता' लिहा, लोकांचा हक्क काय ते सांगताना 'स्वयंनिर्णय'. दोन्ही शब्द लागतात, जागा वेगळ्या. 'आत्मनिर्णय' हिंदीत चालतो, मराठीत नको.

आणि सीमाप्रश्नाशी गल्लत टाळायची तर आपल्या चळवळीचा शब्द आठवा. खेडे हा घटक, भौगोलिक सलगता, भाषिक बहुसंख्या आणि 'लोकेच्छा' ही आपली सूत्रं. लोकेच्छा म्हणजे गाव कोणत्या राज्यात असावं याबद्दल लोकांचं मत. ती राज्यघटनेच्या चौकटीतली राज्य-पुनर्रचना आहे. पुस्तिकेत 'लोकेच्छा' आणायची गरज नाही, म्हणजे वाचकही दोन्ही एक समजणार नाही.

खानापूर घाट
एक भर. 2018 मध्ये अमेरिकन तरुण सेंटिनल बेटावर गेला आणि मारला गेला, तेव्हा 'परवाना उठवला होता' असं बरंच छापून आलं. उठवला होता तो विदेशी लोकांसाठीचा प्रतिबंधित क्षेत्राचा परवाना, 29 बेटांवरचा. 1956 च्या नियमावलीची बंदी तशीच होती. दोघांना एकच शब्द वापरू नका. पहिल्याला 'परवाना', दुसऱ्याला 'प्रवेशबंदी'.

हलशीची वाट
'संमती' चं भाषांतर राहिलं की! जाहीरनाम्यात संमतीला तीन विशेषणं आहेत, आणि सगळीकडे 'मुक्त, पूर्व व माहितीपूर्ण संमती' असं छापतात. लेख माहितीपूर्ण असतो. संमती माहितीपूर्ण कशी असेल? 'पूर्व' वाचून तर दिशा आठवते. सरळ लिहा: 'दबावाशिवाय, काम सुरू होण्याआधी, सगळी माहिती कळल्यावर दिलेली संमती'. लांब आहे, पण प्रत्येक अट दिसते.

कायदा-कचेरी
मान्य. फक्त वनहक्क कायद्यात 'आधी' हे विशेषण नाही, दोनच आहेत. त्या कायद्याबद्दल लिहिताना तिसरं घुसडू नका. पण कलम 4(5) चा परिणाम तोच होतो: हक्कांची नोंद आणि पडताळणी पूर्ण झाल्याशिवाय कोणालाही वनजमिनीवरून हलवता येत नाही. भीमगडमधून बाहेर पडणाऱ्या कुटुंबांना कर्नाटक सरकार 15 लाख रुपये देतं, त्याला 'ऐच्छिक स्थलांतर' म्हणतात. 'ऐच्छिक' तेव्हाच लिहावं, जेव्हा राहायचा पर्याय खरोखर खुला असेल. म्हणजे वनहक्काचे दावे निकाली निघालेत, आणि जो राहील त्याला रस्ता-शाळा नाकारली जात नाही.

गवळी धनगर कर्नाटकात अनुसूचित जमातीत नाहीत. त्यांना 'इतर पारंपरिक वननिवासी' म्हणून दावा करावा लागतो. 13 डिसेंबर 2005 आधी तीन पिढ्या, म्हणजे 75 वर्षांचं वास्तव्य दाखवावं लागतं. बहुतेक दावे इथंच अडतात, कारण चराईसाठी फिरणाऱ्या माणसाच्या नावावर जुना कागद नसतो. नियमांत ज्येष्ठांचा लेखी जबाब, जुनी दफनभूमी, विहिरी, देवस्थानं हेही पुरावे धरलेत. किमान दोन पुरावे लागतात. वैयक्तिक दावा नमुना 'अ', सामूहिक हक्क नमुना 'ब', सामूहिक वनसंपत्ती नमुना 'क'. गावं नेहमी 'अ' भरतात आणि चराईचा हक्क 'ब' मध्ये मागायचा राहून जातो.

'ग्रामसभा' शब्दही जपून वापरा. या कायद्यात ती वाडीची, सगळ्या प्रौढांची सभा. ग्रामपंचायतीच्या सभेचा ठराव चालत नाही. निम्म्या सभासदांची हजेरी लागते, हजर असलेल्यांत एक तृतीयांश बायका. आणि कर्नाटकात राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीचं क्षेत्रच नसल्याने 'पेसा', म्हणजे अनुसूचित क्षेत्रातल्या पंचायतींचा कायदा, इथं लागू नाही. महाराष्ट्रातल्या पत्रकावरून उचलून लिहाल तर इथं चुकेल.

शहापूर पेठ
फार उपयोग झाला. शेवटचं एकच. पुस्तिकेत लोकसंख्येचा तक्ता आहे: जारवा 380, ओंगे 101, शोंपेन 229, सेंटिनली 15. असाच ठेवू ना?

हलशीची वाट
2011 च्या जनगणनेचे म्हणून आकडे बरोबर आहेत. फक्त सेंटिनलींच्या 15 ला 'लोकसंख्या' म्हणू नका. बेटावर कोणी उतरलंच नव्हतं, दुरून दिसले तेवढे मोजलेत. त्या चौकटीत '15 (दुरून दिसलेले)' एवढं लिहा.