मदत हवी आहे: बरं होत असताना मध्येच परत मागे गेल्यासारखं कुणाला झालंय का?

नमस्कार मंडळी, आजवर वाचनमात्र होतो, आज लिहितोच.

दोन वर्षांपूर्वी गाडीला अपघात झाला, मी चालवत होतो, शेजारी धाकटा भाऊ. त्याचा पाय मोडला, मला साधं खरचटलंही नाही आणि घोळ बहुतेक तिथेच आहे, कारण सगळे म्हणाले सुटलास बाबा, आणि मीही तेच म्हणत राहिलो. पाऊस थांबला होता पण वायपर चालूच राहिले होते, कोरड्या काचेवर करकर करकर. मग सहा महिन्यांनी ऑफिसात कुणीतरी खिडकी पुसत होतं, तोच आवाज, आणि माझे हात गारठले, समोरचा काय बोलतोय काही कळेना.

डॉक्टर म्हणाले पीटीएसडी, म्हणजे मोठ्या धक्क्यानंतर मनाला जडणारा त्रास. मला वाटायचं हे फक्त सैनिकांना होतं. (१९८० मध्ये हे नाव अधिकृत निदानांत आलं त्यात व्हिएतनाम युद्धाहून परतलेल्या सैनिकांचा मोठा वाटा होता, त्यामुळे समज अगदीच हवेतला नव्हता.) आता ईएमडीआर नावाचे उपचार चालू आहेत, म्हणजे ती आठवण मनात धरायची आणि थेरपिस्टच्या बोटामागे डोळे डावीउजवीकडे फिरवायचे. आधी हसू आलं होतं, पण करकर आता आठवते, अंगावर येत नाही. फक्त प्रत्येक सेशननंतर दोन दिवस घाण स्वप्नं पडतात, चिडचिड होते. तुमचं असं झालं का, आणि किती दिवस चाललं?

दुसरं म्हणजे, थेरपिस्टने एक २१ प्रश्नांची प्रश्नावली भरायला दिली, टेडेस्की आणि कॅल्हून या मानसशास्त्रज्ञांची, १९९६ ची, अशा धक्क्यानंतर माणसात काही चांगला बदल झाला का ते बघणारी. नात्यांच्या प्रश्नांना भरपूर मार्क दिले मी, भावाशी पूर्वी कामापुरतं बोलायचो, आता रोज बोलतो. 'मी पूर्वीपेक्षा खंबीर झालो' तिथे शून्य. हे घरी सांगितलं तर मावशी म्हणे बघ, अपघाताने तुला माणसात आणलं. डोकंच फिरलं माझं. अपघाताने नाही हो, नंतर जी झटापट केली तिने, आणि टेडेस्की-कॅल्हून यांचंही म्हणणं तेच आहे, शिवाय त्रास आणि वाढ एकाच वेळी असू शकतात असंही. पण मावशीला हे न भांडता कसं सांगायचं?

आणि घाईचं म्हणजे, भाऊ म्हणतोय रविवारी तू चालव, मी शेजारी बसतो. पुढचं सेशन त्यानंतर आहे. हो म्हणू, की थेरपिस्टला फोन करून आधी विचारू?