शब्दचर्चा : 'अतिवास्तव' कानाला कसं लागतं? आणि मोठ्यांच्या कार्टूनला काय म्हणायचं?

अमळनेरकर :

आमच्या महाविद्यालयाच्या भित्तिपत्रकासाठी 'द मिडनाइट गॉस्पेल' या मालिकेचा परिचय मराठीत लिहितोय. पहिलंच वाक्य पुरं होत नाहीये. मालिका नेटफ्लिक्सवर २० एप्रिल २०२० ला आली, आठच भाग आहेत. डंकन ट्रसेल हा अमेरिकी विनोदी कलाकार बरीच वर्षं पॉडकास्ट करतो. त्यात व्यसन, ध्यान, क्षमा, मरण अशा विषयांवर त्याने लोकांशी खरोखर मारलेल्या गप्पा आहेत. कार्टून बनवणाऱ्या पेंडल्टन वॉर्डबरोबर त्याने त्या गप्पांचा मूळ आवाज घेतला, अधूनमधून नवी वाक्यं बोलून जोडली आणि त्यावर भलत्याच जगातली चित्रं चढवली. पहिल्या भागात व्यसनांवर उपचार करणारे डॉक्टर ड्रू पिन्स्की अमेरिकेचे अध्यक्ष झालेत. भोवती मेलेली माणसं उठून चावत सुटलीत, अध्यक्ष बंदूक चालवताहेत आणि तोंडाने मात्र मादक पदार्थ चांगले की वाईट याबद्दल शांतपणे बोलताहेत. गोळीबाराने त्यांचं वाक्य कुठेही तुटत नाही.

याला 'अतिवास्तववादी प्रौढ ॲनिमेशन मालिका, तत्त्वज्ञानपर संवादांवर आधारित' असं लिहिलं तर अर्थ चुकत नाही. पण आमची पोरं ते वाचून पुढे सरकतील. शब्द सुचवा, कारणासकट.

जळगावकर :

'अतिवास्तववाद', म्हणजे इंग्रजीतलं सर्रिअलिझम, कोशात आहे, चित्रकलेच्या पुस्तकांत आहे. आपॉलिनेर या कवीने मूळ फ्रेंच शब्द १९१७ मध्ये वापरला, ब्रेताँ या लेखकाने १९२४ मध्ये त्याचा जाहीरनामा काढला, त्या चळवळीचं हे मराठी नाव. चळवळीबद्दल लिहिताना ते वापरावंच, त्याला पर्याय शोधू नये. पण विशेषण म्हणून 'अतिवास्तव' बोलण्यात आलं की घोटाळा होतो. बोलण्यात 'अति' म्हणजे गरजेपेक्षा जास्त. अति खाल्लं, अति बोलला, अति झालं. म्हणून 'अतिवास्तव चित्र' ऐकणाऱ्याला वाटतं, जरा जास्तच खरंखुरं, हुबेहूब काढलेलं. अर्थ नेमका उलटतो. 'अतींद्रिय' मधला 'अति' पलीकडे नेणारा आहे, पण तो शब्द आपण जोडीने शिकलो, सुटा 'अति' तसा ऐकू येत नाही. 'परावास्तव' असंही काही जण लिहितात. त्यात निदान ही गफलत नाही.

यावलकर :

'प्रौढ' काढा. 'प्रौढांसाठी' म्हटलं की आपल्याकडे एक तर प्रौढ साक्षरता वर्ग आठवतो, नाहीतर सिनेमाचं 'अ' प्रमाणपत्र. दुसऱ्या अर्थाने वाचलं तर पोरं येतील, पण भलतंच काही शोधत येतील. मालिकेत रक्त आहे, शिव्या आहेत, लहानांना दाखवू नये हे खरं. तरी तिला मोठं माणूस लागतं ते त्यासाठी नाही, तिच्यातलं बोलणं कळायला लागतं. आपल्याकडे शब्द आहे ना, 'जाणता'. पोरगा जाणता झाला म्हणजे वयात आला एवढंच नाही, त्याला घरातलं कळायला लागलं. 'जाणत्यांचं कार्टून' म्हणा.

अमळनेरकर :

'जाणत्यांचं' फार आवडलं, ताई. एवढं जवळ असून सुचलं नव्हतं.

'तत्त्वज्ञान' बद्दल माझी पंचाईत वेगळी आहे. आमच्या गावात हा शब्द पत्त्यात येतो. प्रताप शेठजींनी १९१६ मध्ये तत्त्वज्ञान मंदिर ही अभ्यासाची संस्था काढली, साने गुरुजी शाळेत शिकवायला लागण्याआधी तिथे होते. गावातल्या कुणाही रिक्षावाल्याला 'तत्त्वज्ञान मंदिर' सांगा, बिनचूक सोडेल. तरी घराघरात हा शब्द कुणाला तरी गप्प करण्यासाठी निघतो. 'तत्त्वज्ञान पाजळू नको', 'तुझं तत्त्वज्ञान तुझ्यापाशी ठेव'. ज्या गावाने या विषयासाठी इमारत उभारली, तिथेही शब्दाला हे वळण लागलं याचं मला खरंच वाईट वाटतं. म्हणून परिचयात तो ठेवावा असं एक मन म्हणतं, आणि वाचकाला बिचकवू नये असं दुसरं.

जळगावकर :

ठेवा, पण 'तत्त्वज्ञानपर' करू नका. 'पर' लागलं की शब्दाला कागदाचा वास येतो. मालिकेत कुणी सिद्धान्त मांडत नाही. लेखिका ॲन लॅमॉट मरणाबद्दल बोलते, डेमियन एकल्स जादूविद्या आणि ध्यानाबद्दल. हा एकल्स अठरा वर्षं मृत्युदंडाच्या कोठडीत काढून २०११ मध्ये सुटलेला माणूस. या सगळ्यांनी विषय अंगावर झेललेत. 'जगण्यामरण्याच्या गप्पा' एवढं पुरे.

मुक्ताईनगरकर :

सगळं वाचलं. मूळ शब्दाकडे परत येतो, कारण तिथे आपण घाईने पुढे गेलो असं वाटतं. चित्र अशक्य आणि आशय जगण्यामरण्याचा, हे मराठीला नवं नाही. आमच्या मुक्ताईचा अभंग सर्वांना पाठ आहे, 'मुंगी उडाली आकाशीं, तिणें गिळीलें सूर्याशीं'. पुढे वांझेला पुत्र होतो, माशी विते आणि घार होते. तेराव्या शतकातली ही चित्रं आजही डोळ्यांपुढे उभी राहतात. लहानपणी कोथळीच्या देवळात हे ऐकताना मला अर्थ कळत नव्हता, ती मुंगी मात्र दिसायची, आणि सूर्य गिळल्यावर तिचं पोट केवढं झालं असेल हा प्रश्न कीर्तन संपेपर्यंत सुटायचा नाही. अशा रचनेला आपण 'कूट' म्हणतो. मग या मालिकेला 'कूट' का म्हणू नये? 'कूटचित्रमालिका' म्हणा.

जळगावकर :

नाना, शब्द मोहात पाडणारा आहे, पण मला अडचण दिसते. कुटात चित्रातच अर्थ कोंडलेला असतो. मुंगी म्हणजे कोण, सूर्य म्हणजे काय, हे सोडवायचं असतं. म्हणून 'कूटप्रश्न' म्हणतो, 'कूट उकललं' म्हणतो. या मालिकेत चित्र सोडवायला बसलात तर हाती फारसं लागणार नाही. दुसऱ्या भागात मालिकेचा नायक क्लॅन्सी आणि एक हरीण-कुत्रा असा प्राणी बोलत बोलत कत्तलखान्याच्या यंत्रात ओढले जातात, त्यांचं मांस होतं, तरी गप्पा चालूच. त्या मांसाचा बोलण्यातल्या कुठल्या वाक्याशी मेळ बसतो असं नाही. बोलणं आपल्या वाटेने जातं, चित्र आपल्या. मधेच दोन्ही एका ठिकाणी भेटतात आणि अंगावर काटा येतो. हे भेटणं कुटापेक्षा वेगळं आहे.

मुक्ताईनगरकर :

हे मान्य. मग कूट नको. पण 'अतिवास्तव' ही नको असेल तर शब्द न शोधता वर्णन करा. 'चित्र एक सांगतं, बोलणं दुसरं' असं लिहा. ज्याला नाव नाही त्याला चार शब्द जास्त लागले तर बिघडलं काय?

यावलकर :

'गप्पा' बद्दल थोडं. गप्पा हाणणं, गप्पा ठोकणं यांत रिकामटेकडेपणा आणि थोडं खोटंही आहे. 'संवाद' म्हटलं की नाटक आठवतं, आणि आता तर प्रत्येक सरकारी कार्यक्रमाला 'संवाद' असतो. 'मुलाखत' मध्ये एक जण विचारणारा, दुसरा सांगणारा. इथे दोघंही विचारतात. तरी मला यांत गप्पाच जवळच्या वाटतात.

धुळेकर :

अहिराणीत 'गोट' शे. गोट म्हणजे कहाणी, आणि गोट म्हणजे बोलण्यातला विषयही. 'काय गोट शे?' म्हणून विचारतो तेव्हा कुणी कहाणी सांगत बसत नाही, मनातलं काय ते सांगतो. ज्ञानेश्वरीतही 'गोठी' बोलण्यासाठी येतो. भित्तिपत्रकात टाका म्हणत नाही, पोरं कुठकुठल्या गावांहून येतात, पण शब्द आहे हे नोंदवून ठेवतो.

आता माझा प्रश्न. शेवटच्या भागात ट्रसेल आपल्या आईशी बोलतो. डिनीन फेंडिग. तिला कर्करोग होता, २०१३ मध्ये ती गेली, आणि हे बोलणं त्याच्या थोडंच आधीचं. चित्रात तो तिच्या पोटी जन्मतो, वाढतो, ती म्हातारी होते, मरते, मग त्याच्या पोटी ती जन्मते. बोलता बोलता तो म्हणतो, तू जाणार या विचाराने काळीज फाटतं, त्याचं करायचं काय? ती म्हणते, रडायचं. दोनच शब्द आहेत तिच्या भाषेत. भाषांतर करताना मी 'तू रड' लिहिलं, ते आज्ञा झाली. 'रडावं' लिहिलं, तो सल्ला झाला. परिचयात हे वाक्य असायलाच हवं. कसं लिहायचं?

यावलकर :

तुम्ही आत्ताच लिहिलंत, दादा. 'रडायचं.' त्यात कर्ता नाही. तू, मी, कुणीही. 'काय करायचं?' या प्रश्नाला मराठीत उत्तरही त्याच घडणीचं येतं, जेवायचं, निघायचं, झोपायचं. रोजच्या कामांच्या रांगेतच ते बसतं. आईने मुलाला ते तसंच सांगितलं आहे, समजूत न घालता.

धुळेकर :

आमच्याकडे, 'काय करानं?' 'रडानं.' माझी आजी असंच म्हणाली असती. पटलं.

जळगावकर :

'पॉडकास्ट' चं कुणी बोललं नाही, ते बरं झालं. 'आकाशवाणी' इतका रुजेल असा शब्द मिळेपर्यंत पॉडकास्टच असू द्या. नवे शब्द घडवायचे तिथे घडवावेत जिथे लोक अडखळतात. पोरं या शब्दाला अडखळत नाहीत.

अमळनेरकर :

सगळ्यांचं घेऊन असं लिहिलंय :

'द मिडनाइट गॉस्पेल' हे जाणत्यांचं कार्टून आहे. डंकन ट्रसेलने आपल्या पॉडकास्टवर खरोखर मारलेल्या जगण्यामरण्याच्या गप्पा इथे मूळ आवाजात ऐकू येतात. डोळ्यांपुढे मात्र बुडू घातलेली जगं असतात, आणि त्यांत क्लॅन्सी नावाचा तरुण माणसं शोधत, त्यांना बोलतं करत फिरतो. चित्र एक सांगतं, बोलणं दुसरं, आणि जिथे दोन्ही भेटतात तिथे थांबून बघावं लागतं. शेवटचा भाग आईशी बोलण्याचा आहे. तू जाणार याचं दुःख होतं, त्याचं काय करायचं, असं मुलगा विचारतो. ती सांगते, 'रडायचं.' तत्त्वज्ञान हा शब्द ज्यांना जड वाटतो त्यांनी हा भाग आधी पाहावा.

कुणाला काही खटकतंय?

मुक्ताईनगरकर :

शेवटच्या वाक्यात तो शब्द आणलात, फार बरं वाटलं. तुमच्या गावाने तो सोडू नये. एकच बदल, 'माणसं शोधत' नको. त्यांत मासा आहे, हरीण आहे, खुद्द मृत्यूही आहे. 'कुणाकुणाला गाठत, बोलतं करत' असं करा.

यावलकर :

आणि नावाचं? पोरं विचारतील गॉस्पेल म्हणजे काय.

अमळनेरकर :

बदल केला, नाना. ताई, मराठी बायबलात गॉस्पेलला 'शुभवर्तमान' आहे. ख्रिस्ती कुटुंबांत तो रोजचा शब्द आहे. नाव भाषांतरित करत नाही, पण खाली एक ओळ टाकतो, 'गॉस्पेल : शुभवर्तमान, चांगली बातमी'. सोमवारी भित्तिपत्रक लागेल.