रात्री दोन वाजता माणूस हाताबाहेर गेलं तर नेमकं कुठे न्यायचं? (पुणे)

कोरांटी:
घरात बायपोलर (मन कधी अतिउत्साहात, कधी खोल उदासीत नेणारा आजार) असलेला प्रौढ माणूस. गोळ्या सोडल्या, झोप उडाली, बडबड वाढली. अशा वेळी रात्री १०८ लावायचा की ११२? थेट येरवड्याचं मनोरुग्णालय गाठायचं का? आणि 'मी कुठेही येणार नाही' म्हणाला तर? 'धीर धरा' नको, क्रम सांगा.

तिसरी_पाळी:
रात्री थेट येरवड्याला पळू नका. आधी जनरल हॉस्पिटलची कॅज्युअल्टी (तातडीचा विभाग), आणि तीही मानसोपचार विभाग असलेली. पुण्यात सरकारी ससून रुग्णालय. जवळ आहे म्हणून कोपऱ्यावरच्या नर्सिंग होममध्ये गेलात, तर दोन तासांनी 'आमच्याकडे सायकिअ‍ॅट्रिस्ट नाही' अशी चिठ्ठी हातात पडते.

कॅज्युअल्टी आधी का, तर अचानक बरळणं दरवेळी मनाचं नसतं. ताप, कमी झालेलं सोडियम, घसरलेली साखर, डोक्याला मार, यातलं काहीही असू शकतं. रोज पिणाऱ्याची दारू एकदम बंद झाली की साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवशी हात थरथरतात, भास होतात, वेळ-जागा कळेनाशी होते. तिथे जीव जाऊ शकतो, झोपेची गोळी देऊन घरी ठेवायचं ते प्रकरण नाही. लिथियम (बायपोलरवरची गोळी) चालू असेल आणि उलट्या-जुलाब, मोठी थरथर, जड जीभ दिसली, तर लिथियम अंगात वाढल्याचा संशय घ्या. पुढचा डोस देऊ नका, तडक न्या आणि रक्तातली पातळी तपासायला सांगा. अंगारा-धुपारा करायचाच असेल तर उद्या करा, आज आधी ग्लुकोमीटर.

बरोबर न्यायचं: सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या (रिकाम्याही), शेवटचं प्रिस्क्रिप्शन, दोघांची आधार कार्डं, चार्जर. माणसं दोन हवीत. एकजण पेशंटजवळ बसेल, दुसरा केसपेपर आणि रक्ताच्या नळ्या घेऊन पळेल. एकटे गेलात की तुम्ही खिडकीशी रांगेत आणि पेशंट गेटबाहेर, हे ठरलेलं.

ओटा_आणि_पायरी:
फोनचं बघू. १०८ म्हणजे अँब्युलन्स. बेशुद्ध, जखमी, काही गिळलेलं, फिट आलेली: १०८. हातात सुरी आहे, कडी आतून लावली आहे, गच्चीच्या कठड्यावर आहे: ११२. फोनवर पहिल्या वाक्यात सांगा, 'माणूस आजारी आहे, गुन्हेगार नाही.' मग हातात काय आहे, मजला कितवा, आत आणखी कोण आहे. आरडाओरडा करून नुसतं 'मारामारी चाललीय' म्हणालात तर पोलीस मारामारीच्या तयारीनेच येतात.

माणूस बोलतोय, पण मनात मरणाचे विचार आहेत आणि तुम्हाला पुढे काय बोलावं सुचत नाही: टेली मानस ही सरकारी हेल्पलाइन, १४४१६. चोवीस तास, फुकट, मराठीत. घरच्यांनी केला तरी चालतो.

आणि प्रश्न सरळ विचारा. 'नको नको ते विचार येतात का' याला कोणीही 'नाही' म्हणतं. 'जीव द्यावासा वाटतो का? कसा, ते ठरवलंय का? आज?' विचारल्याने विचार डोक्यात शिरत नाही. ठरवलंय असं म्हणाला तर एक क्षणही एकटं सोडायचं नाही. घरातल्या गोळ्या आणि शेतीची औषधं कुलपात नव्हे, शेजाऱ्याकडे.

काही गिळलं असेल तर मिठाचं पाणी पाजून उलटी काढू नका. बाटली किंवा पट्टी घ्या आणि निघा. 'आता बरा दिसतोय' यावर जाऊ नका, पॅरासिटामॉलचा मोठा डोस पहिला दिवसभर काहीच दाखवत नाही. पोलीस केस होईल म्हणून 'चुकून खाल्लं' असं सांगणारे पुष्कळ. त्याने फक्त उपचार चुकतात.

कलम_वाचा:
त्या भीतीबद्दल: मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७, कलम ११५. आत्महत्येचा प्रयत्न करणारा तीव्र ताणाखाली होता असंच धरलं जातं, शिक्षा नाही. आत्महत्येच्या प्रयत्नाला शिक्षा सांगणारं भारतीय दंड संहितेचं जुनं ३०९ कलम तर भारतीय न्याय संहितेत (१ जुलै २०२४ पासून) आलेलंच नाही. एमएलसीची (पोलिसांना कळवायची केस) नोंद होते, पण तिच्यासाठी उपचार अडवता येत नाहीत. सुप्रीम कोर्टाने हे १९८९ सालीच सांगितलंय.

'येणार नाही' म्हणाला तर:

त्याच २०१७ च्या कायद्याचं कलम ९४. त्याच्या जीवाला किंवा दुसऱ्याला धोका असेल तर कोणताही नोंदणीकृत डॉक्टर, अगदी घरीसुद्धा, तातडीचे उपचार सुरू करू शकतो. मुदत जास्तीत जास्त ७२ तास. रुग्णालयापर्यंत नेणं यातच येतं. शॉक ट्रीटमेंट यात बसत नाही.

कलम ८९. संमतीशिवाय भरती, ३० दिवसांपर्यंत. एक मानसोपचारतज्ज्ञ आणि दुसरा मानसिक आरोग्य व्यावसायिक किंवा डॉक्टर, दोघांनी वेगवेगळं तपासलेलं हवं, आणि अर्ज नामनिर्देशित प्रतिनिधीचा (पेशंटच्या वतीने बोलायला त्याने नेमलेला माणूस).

कलम १००. आजारामुळे स्वतःला किंवा इतरांना धोका असलेल्या माणसाला पोलीस संरक्षणात घेऊन २४ तासांच्या आत सरकारी रुग्णालयात नेतात. लॉकअपमध्ये ठेवता येत नाही. ठाण्यात 'नको, घरचा मामला आहे' असं ऐकू आलं तर कलमाचा आकडा उच्चारा, सूर बदलतो.

कोरांटी:
१०८ वाले म्हणाले, जबरदस्तीने उचलणार नाही, तर? व्यसनमुक्ती केंद्रवाले गाडी पाठवून नेतात असं ऐकलंय.

तिसरी_पाळी:
त्या गाडीला फोन करू नका. चौघे येतात, हातपाय बांधतात, नेतात, आणि पुढचे पंधरा दिवस भेट बंद. तपासणी कोणी केली, कोणत्या कायद्याखाली ठेवलं, उत्तर नाही. शिवाय बरं झालेलं माणूस पुन्हा तुमच्यावर विश्वास ठेवत नाही, हे नुकसान महिनोन्महिने पुरतं. कोणतंही केंद्र असो, राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाचा नोंदणी क्रमांक मागा. साखळीने बांधणं तर कायद्यानेच बंद आहे.

१०८ चं बरोबर आहे, ते जबरदस्ती करत नाहीत. तेव्हा ११२ आणि अँब्युलन्स दोन्ही बोलवा. त्याआधी एकदा साधं बोलून बघा: खोलीत एकच माणूस, टीव्ही बंद, दाराची वाट मोकळी. 'तुला वेड लागलंय' नाही, तर 'चार रात्री झोप नाही, झोपेचं इंजेक्शन घेऊन येऊ.' पुष्कळजण झोपेसाठी येतात.

सकाळी जरा शांत दिसला की घरचे 'डामा' (डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध डिस्चार्ज) घेऊन निघतात. शांत झालाय तो इंजेक्शनने. थांबा.

कोरांटी:
नामनिर्देशित प्रतिनिधीसाठी कुठे नोंदणी करावी लागते?

कलम_वाचा:
कुठेही नाही. साधा कागद, सही किंवा अंगठा. नेमणूक नसेल तर कायदा नातेवाइकाला धरतो, पण मग रात्री कॅज्युअल्टीत बायको की भाऊ यावर वाद होतात. माणूस बरा असतानाच लिहून घ्या: 'मी, अमुक, राहणार अमुक, मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७, कलम १४ नुसार अमुक यांना माझा नामनिर्देशित प्रतिनिधी नेमतो.' तारीख, सही. खाली प्रतिनिधीने 'मला मान्य आहे' असं लिहून सही करायची. एक प्रत औषधांच्या डब्यात, एक फोटो दोघांच्या मोबाईलमध्ये.