भूमितीतल्या चुका फक्त सराव कमी पडतो म्हणून होतात का?

शिरोलंब: विशालकोन त्रिकोणाचं क्षेत्रफळ विचारलं की एक चूक हमखास दिसते. मुलं तिरकी बाजूच उंची म्हणून घेतात. सूत्र पाठ, गुणाकार बरोबर, उत्तर मात्र चूक. आपण फुली मारून 'सराव वाढवा' लिहितो. मला ही सरावाची चूक वाटत नाही. त्यांनी पाहिलेल्या बहुतेक आकृत्यांत पाया आडवा असतो आणि लंब आत पडतो. पाया वाढवून लंब बाहेर टाकायचा, हे त्यांना सुचतच नाही. व्हॅन हिले या डच दांपत्याने १९५७ मध्येच मांडलं होतं की मूल आधी आकार नुसता दिसण्यावरून ओळखतं. गुणधर्म, त्यांचे संबंध आणि सिद्धता या नंतरच्या पायऱ्या. मूल पहिल्या पायरीवर असताना आपण सिद्धतेच्या भाषेत बोलत राहतो.

सरळरेघ: नाही पटलं. 'समोरच्या बाजूला समाविष्ट करणाऱ्या रेषेवर टाकलेला लंब', असं उंचीच्या व्याख्येत स्वच्छ दिलंय. व्याख्या पाठ नाही, गणितं सोडवलेली नाहीत, म्हणून चुकतात. निम्म्या चुका तर घाईच्या असतात. प्रत्येकाचं कारण शोधत बसलो तर अभ्यासक्रम कधी संपणार?

शिरोलंब: घाईची चूक दर वेळी वेगळी असते. ही वर्गातली दहा मुलं अगदी एकसारखी करतात. 'उंची कुठे धरलीस, बोट ठेवून दाखव' एवढंच विचारा, मिनिटभरही लागत नाही.

छेदिका: त्रिकोणांच्या एकरूपतेतही हेच होतं. कोन दोन बाजूंमधला नसतो, तरी मुलं 'बाकोबा (बाजू-कोन-बाजू) कसोटी' लिहून मोकळी होतात. इथे नुसता सराव घातकच आहे, कारण सरावातल्या त्रिकोणांच्या जोड्या जवळजवळ नेहमी एकरूपच निघतात. त्यापेक्षा ७ सेमीचा रेषाखंड काढायला लावा. एका टोकाशी ४०° चा कोन, दुसऱ्या टोकावरून ५ सेमी त्रिज्येचा कंस. कंस कोनाच्या भुजेला दोन ठिकाणी छेदतो. मापं तीच, त्रिकोण दोन! कसोटीत कोन मधलाच का लागतो, ते मुलाला स्वतःच्या वहीत दिसतं.

सरळरेघ: ही रचना मी वर्गात नक्की करून घेईन. पण कंपास नीट धरता आला, कोन अचूक काढता आला, तरच ते दोन छेदनबिंदू दिसणार, आणि तो हात सरावानेच बसतो. माझा आग्रह तेवढ्यासाठी आहे.

शिरोलंब: हाताच्या सरावाला माझी हरकत नाहीच. कारण न विचारता तसलीच वीस गणितं पुन्हा घालण्याला आहे.