लिनोकटची २५ प्रतींची आवृत्ती संपली, मागणी अजून येतेय. पुन्हा छापावं का?

नमस्कार मंडळी,

आम्ही रत्नागिरीकडचे पाच जण, चित्रकलेच्या शेवटच्या वर्षाला आहोत. दिवाळीनंतर रत्नागिरीत कातळशिल्पांवर (खडकाळ पठारांवर कोरलेल्या जुन्या चित्रांवर) आमचं पहिलं प्रदर्शन भरवतोय. हॉलचं भाडं, फ्रेमा, टेम्पो धरून खर्च ७० हजारांच्या घरात जातो. घरून मागायचे नाहीत असं ठरलं, म्हणून प्रत्येकाने एकेका गावच्या कातळशिल्पाचा एक लिनोकट (लिनोलियमच्या ब्लॉकवर कोरून कागदावर घेतलेला छाप) केला: उक्षी, कशेळी, बारसू, देवीहसोळ आणि कुडोपी. प्रत्येकाच्या २५ प्रती, किंमत ८०० रुपये. खाली पेन्सिलीने क्रमांक आणि सही. विकताना प्रत्येकाला सांगितलं की २५च निघणार, नंतर ब्लॉकवर चरे मारून तो बाद करणार.

कशेळीचा हत्ती माझा. सड्यावर (त्या खडकाळ पठारावर) उभं राहिलं तर तो एका नजरेत मावत नाही, आणि त्याच्या अंगातच इतर प्राणी कोरलेले. तो कागदावर आणायला मला दोन महिने लागले. २०२२ मध्ये युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत ही शिल्पं आल्यापासून लोकांना नाव तरी माहीत आहे, त्यामुळे माझ्या २५ प्रती बारा दिवसांत गेल्या. बाकीच्या चौघांचे मिळून जेमतेम ४० गेलेत. आता अजून १८ जण हत्तीच मागतायत. त्यात एका गावातले प्राथमिक शाळेचे गुरुजी आहेत, त्यांना वर्गात लावायचाय. त्यांना नाही म्हणताना जीभ रेटत नाही.

आमच्यात दोन तट पडलेत. एक म्हणतो, काळ्याऐवजी जांभ्याच्या तांबड्या रंगात छापू, दुसरी आवृत्ती म्हणून वेगळे क्रमांक घालू, म्हणजे शब्द मोडत नाही. मला ते पटत नाही. ज्यांनी पहिल्या दिवशी विश्वासाने ८०० रुपये दिले त्यांना रंग बदलल्याने काय फरक पडणार? चित्र तेच, ब्लॉक तोच. पण पैसे अजून २० हजार कमी पडतायत, हेही खरं. माझ्याकडे आर्टिस्ट प्रूफ म्हणून, म्हणजे त्या २५ क्रमांकांच्या बाहेर स्वतःसाठी, ठेवलेल्या दोन प्रती आहेत. त्यातली एक गुरुजींना तशीच द्यावी असं मनात आहे. हे चालतं ना?

दुसरी अडचण हवेची. प्रेस मिळत नाही म्हणून आम्ही आजीच्या जुन्या डवलीच्या (पळीच्या) पाठीने कागद घासून छापतो. ठसा छान उठतो, पण तेलाची शाई या पावसात आठ-आठ दिवस वाळत नाही. मध्ये बटर पेपर घालून गठ्ठा ठेवला तर तोच चिकटला आणि देवीहसोळच्या तीन प्रती वाया गेल्या. आता दोरीवर चिमट्यांनी लटकवतोय, तर दोन कागदांच्या कडेला बुरशीचे ठिपके आले. किनाऱ्यावर राहून छपाई करणारं कुणी असेल तर पावसाळ्यात काय करता? खोलीत बल्ब लावून ठेवणं पुरेल का, की छपाई सरळ ऑक्टोबरवर ढकलावी?

गुंडाळी करून पाठवलेल्या प्रतींना पुण्यात पोचेपर्यंत घड्या पडल्या, तेव्हा सपाट पाठवायचा स्वस्त उपाय माहीत असेल तर तोही सांगा.

हत्तीचा ब्लॉक अजून शाबूत आहे. शनिवारी पाचही जण भेटतोय, त्याच्या आत कुणी अनुभवाने बोललं तर फार उपकार होतील.