विषय: गुरुवारी खलिफावर फायनल, कोण कोण येतंय?

प्रेषक: मंडळ सेक्रेटरी
25 नोव्हेंबर 2025

नमस्कार मंडळी,

गुरुवारी 27 तारखेला संध्याकाळी इथे दोहात खलिफा स्टेडियमवर 17 वर्षांखालच्या फुटबॉल वर्ल्ड कपची फायनल आहे, पोर्तुगाल विरुद्ध ऑस्ट्रिया. मराठी शाळेतल्या मुलांना घेऊन जाऊया असं दोन-तीन पालकांनी सुचवलंय. त्याच दिवशी नाटकाची तालीम आहे पण ती शुक्रवारी सकाळी घेता येईल. कोण कोण येणार ते उद्या रात्रीपर्यंत कळवा, तिकिटं एकत्रच काढू.

प्रेषक: डोंबिवलीकर

सेक्रेटरी साहेब, माझं मत स्पष्ट सांगतो. तालीम हलवू नये, प्रयोगाला दिवस कमी राहिलेत आणि दुसरा अंक अजून बसलेला नाही. शिवाय तीन वर्षांपूर्वी आपण इथेच मेस्सीची फायनल बघितलीय, आता सोळा-सतरा वर्षांच्या पोरांच्या मॅचसाठी अख्ख्या मंडळाने जायचं, तेही आपली टीम नसताना, हे मला पटत नाही. ज्यांना जायचंय त्यांनी जरूर जावं.

प्रेषक: कोल्हापूरकर

डोंबिवलीकर दादा, तालमीचं तुमचं म्हणणं बरोबर आहे, पण पोरांची मॅच म्हणून सोडून देऊ नका. लांबलचक लिहितोय, सवडीने वाचा.

या स्पर्धेचं मूळ सिंगापुरात आहे. तिथल्या फुटबॉल असोसिएशनने 1977 ला 16 वर्षांखालच्या मुलांसाठी लायन सिटी कप सुरू केला, 1982 च्या कपच्या वेळी फिफाचे अध्यक्ष हावेलांज आणि सेक्रेटरी ब्लाटर तिथे होते, आणि ते बघूनच हे जगभरातल्या मुलांसाठी करायचं असं ठरलं. पहिली स्पर्धा 1985 ला चीनमध्ये झाली आणि जिंकलं कोण, तर नायजेरिया, फायनलला पश्चिम जर्मनीला 2-0 हरवून. फिफाची स्पर्धा आफ्रिकेतल्या देशाने जिंकायची ती पहिलीच वेळ. मोठ्यांच्या वर्ल्ड कपात आफ्रिकेचा देश सेमीफायनलला पोचायला 2022 उजाडलं, मोरोक्कोच्या त्या मॅचच्या रात्री इथले रस्ते कसे भरले होते ते आपण सगळ्यांनी बघितलंय, आणि इकडे पोरांच्या स्पर्धेत नायजेरियाने पाच वेळा कप नेलाय, घानाने दोनदा. मला ही स्पर्धा आवडते ती यासाठीच. इथे अजून पैसा आणि मोठे क्लब सगळं ठरवत नाहीत.

1989 चं ऐका. स्कॉटलंडमध्ये स्पर्धा, यजमान फायनलला, हॅम्पडेन पार्कवर पन्नास हजारांवर माणूस. समोर सौदी अरेबिया. स्कॉटलंड 2-0 ने पुढे गेलं, मग एक पेनल्टी घालवली, सौदीने 2-2 केलं आणि पेनल्टी शूटआउटला 5-4 ने कप घेऊन गेले. सौदीची पोरं वयाने मोठी आहेत अशी तक्रार तेव्हा झाली आणि स्कॉटिश लोक अजून तेच बोलतात. वयाचा हा वाद स्पर्धेला कायम चिकटलेला आहे, जन्माचे दाखले कुठे कसे मिळतात ते आपल्याला वेगळं सांगायला नको, शेवटी 2009 पासून मनगटाचा एमआरआय काढायला लागले, हाडांच्या वाढीवरून कळतं म्हणून. मला वाटतं हे आधीच व्हायला हवं होतं, कारण एक थोराड पोरगा टीममध्ये घुसला की खऱ्या वयाच्या एका पोराची जागा जाते आणि त्याला ती परत मिळत नाही.

त्याच 1989 च्या स्पर्धेत पोर्तुगाल तिसरं आलं होतं आणि त्या टीममध्ये लुईस फिगो होता. 1997 ला इजिप्तमध्ये रोनाल्डिन्हो आणि कासियास खेळले, 2003 ला फाब्रेगास, 2007 ला टोनी क्रूस. तेव्हा स्टेडियममध्ये बसलेल्यांपैकी किती जणांना ही पुढे जगभर गाजलेली नावं माहीत असतील? परवा ऍस्पायरच्या मैदानांवर, याच स्पर्धेत, जाळीला टेकून मॅच बघताना माझा मुलगा म्हणाला, बाबा तो लेफ्ट बॅक माझ्याएवढाच आहे, आणि तिथून पुढे तो फक्त त्यालाच बघत बसला. लुसैल स्टेडियमला, 2022 च्या फायनलला, आम्ही इतक्या वर बसलो होतो की मेस्सी स्क्रीनवरच दिसला.

आणि कतारचंही सांगतो, कारण आपण इथे राहतो. 1991 ला इटलीत, वयाची अट 16 ची 17 केल्यावरच्या पहिल्याच स्पर्धेत, कतार चौथं आलं होतं. त्याआधी 1981 ला 20 वर्षांखालच्यांच्या स्पर्धेत ब्राझील आणि इंग्लंडला हरवून फायनलला गेलं होतं. 1995 ला तीच 20 वर्षांखालची स्पर्धा नायजेरियात व्हायची होती, तिथल्या साथीमुळे ऐनवेळी दोहाला आली, अर्जेंटिना जिंकलं. आमचे काका तेव्हा इथे होते, ते सांगायचे की ऑफिस सुटलं की सरळ स्टेडियम गाठायचे. म्हणजे या गावाला पोरांच्या फुटबॉलचा इतिहास मोठ्यांच्या वर्ल्ड कपच्या खूप आधीपासून आहे.

आता यंदापासून 48 टीम आणि 2029 पर्यंत दरवर्षी इथेच. काही लोक म्हणतात स्पर्धेची किंमत कमी होईल, मला उलटं वाटतं. दोन वर्षांनी एकदा असायची तेव्हा एक जन्मसाल बरोबर सतरा पूर्ण करत यायचं आणि त्याच्या मागचं साल कायम अडकायचं, या वेळी लहान पडायचं आणि पुढच्या वेळी वय उलटलेलं. आता प्रत्येक सालाला आपली पाळी आहे.

माझी चार तिकिटं धरा.

प्रेषक: वाशीवाला

कोल्हापूरकर दादा, वाचून 2017 आठवलं. तेव्हा आम्ही वाशीत होतो आणि नेरूळच्या डी. वाय. पाटीलवर मुलींना घेऊन तीन मॅचेस बघितल्या. 18 ऑक्टोबरला घाना आणि नायजर, 25 ला स्पेन विरुद्ध मालीची सेमीफायनल. माली 3-1 हरलं पण त्या पोरांचा पळण्याचा वेग मी आजतागायत विसरलेलो नाही, आणि आमच्या भोवतीचे सगळे, ज्यांना माली नकाशात कुठे आहे ते सकाळी शोधावं लागलं असेल, ते मालीच्या नावाने ओरडत होते. त्या स्पर्धेला एकूण 13 लाख 47 हजारांवर लोक आले, 1985 च्या चीनचा रेकॉर्ड त्याने मोडला. आपल्याकडे लोक फुटबॉल बघत नाहीत असं कुणी म्हटलं की मी हाच आकडा सांगतो.

फक्त एक गोष्ट लागून राहिली, भारताच्या मॅचेस आधी नवी मुंबईत व्हायच्या होत्या त्या दिल्लीला गेल्या. स्पर्धेच्या आधी राज्यभर शाळांतून मुलं फुटबॉल खेळली होती, 15 सप्टेंबरला, मिशन वन मिलियन म्हणून, मोठीच्या शाळेतही चेंडू आले होते. त्या मुलांना आपली टीम घराजवळ बघायला मिळायला हवी होती.

आम्ही तिघं येतोय.

प्रेषक: मडगावकर ताई

आमच्या मडगावच्या फातोर्डा स्टेडियमचं कुणी लिहीत नाही म्हणून मीच लिहिते 🙂 10 ऑक्टोबर 2017, इराण 4, जर्मनी 0. हो, जर्मनीच. मी आणि माझा भाऊ गेलो होतो जर्मनी बघायला आणि पहिल्या अर्ध्या तासातच इराणचे झालो. त्याच मैदानावर इंग्लंडने अमेरिकेला 4-1 हरवलं, इंग्लंडच्या ब्रूस्टरने तीन गोल मारले, चार दिवसांनी कोलकात्यात ब्राझीलवर परत तीन, आणि फायनलला स्पेन 2-0 पुढे असताना इंग्लंडने 5-2 ने जिंकलं. पुढे गाजलेला फिल फोडेन त्याच टीममधला.

आणि मुलींची पण हीच स्पर्धा आहे बरं का. 2022 ला तीही भारतात झाली, फायनल नेरूळलाच. त्याआधी ऑगस्टमध्ये फिफाने आपल्या फेडरेशनला सस्पेंड केलं होतं आणि स्पर्धा जाते की राहते असे दहा-बारा दिवस गेले, त्या खेळणाऱ्या मुलींचं काय होत असेल याचाच विचार मी तेव्हा करायचे. मराठी शाळेतल्या मुलींनाही न्या, फक्त मुलगे नकोत.

प्रेषक: डोंबिवलीकर

सगळ्यांचं वाचलं. तालीम शुक्रवारी सकाळी आठला, उशीर नको. माझी दोन तिकिटं धरा, नातवाला आणतो. एकच विचारायचंय, 2017 ला आपण खेळलो ते यजमान म्हणून, मग त्यातून आपल्या हाती काय आलं?

प्रेषक: कोल्हापूरकर

दादा, प्रश्न रास्त आहे. तीन मॅच, तीन पराभव, अमेरिका 0-3, कोलंबिया 1-2, घाना 0-4. पण त्या टीममध्ये आमच्या कोल्हापूरचा अनिकेत जाधव स्ट्रायकर होता, आणि मुंबईत जन्मलेला, न्यू जर्सीत वाढलेला नमित देशपांडे डिफेन्सला, आपल्यासारख्याच परदेशातल्या घरातला मुलगा. मी तेव्हा सुट्टीवर होतो, अमेरिकेची मॅच आम्ही पेठेतल्या तालमीत, म्हणजे आखाड्यात, टीव्ही लावून बघितली. कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर पाटाकडील विरुद्ध दिलबहार अशी तिथल्या तालमींच्या टीमची मॅच असली की अख्खी पेठ भांडायला उठते, त्या रात्री सगळ्या पेठांची माणसं एका सतरंजीवर होती. 9 तारखेला कोलंबियाविरुद्ध 82 व्या मिनिटाला कॉर्नर आला आणि जॅक्सन सिंगने डोक्याने गोल केला, फिफाच्या वर्ल्ड कपमधला भारताचा पहिला गोल, आणि एका मिनिटात कोलंबियाने परत मारला. तो एक मिनिट मला पाठ आहे. जॅक्सन, सुरेश, अन्वर, राहुल पुढे मोठ्या भारतीय टीममध्ये गेले, अनिकेत आयएसएल, म्हणजे इंडियन सुपर लीग, खेळला. म्हणजे पोरं उभी राहिली. त्यांच्या मागच्या पोरांसाठी तेवढी तयारी पुन्हा झाली नाही, हे माझं दुखणं आहे.

प्रेषक: कोल्हापूरकर
1 डिसेंबर 2025

मंडळी, गुरुवारी आलेल्या सगळ्यांचे आभार, पोर्तुगाल 1-0, त्यांचा पहिलाच कप. फिगोच्या टीमला जे जमलं नव्हतं ते या पोरांनी केलं.

पण मेल वेगळ्या कारणाने लिहितोय. काल अहमदाबादला आपल्या 17 वर्षांखालच्या टीमने इराणला 2-1 हरवलं, मागे पडून! ताई, तुमच्या इराणला. आता मे महिन्यात सौदीत एशिया कप, तिथे पहिल्या आठात आलो की पुढच्या नोव्हेंबरचं वर्ल्ड कपचं तिकीट, यजमान म्हणून नाही, खेळून. आणि तो वर्ल्ड कप इथे आहे, ऍस्पायरला, माझ्या घरापासून पंधरा मिनिटांवर.

डोंबिवलीकर दादा, पुढच्या वर्षीच्या तालमींचं वेळापत्रक करताना नोव्हेंबर मोकळा ठेवा.